‘पाऊस’ या शब्दाचे यमक

श्रोतेहो, आजच्या व्याख्यानासाठी मी एकच शब्द निवडला आहे, तो म्हणजे ‘पाऊस’. मराठीत कविता लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या वहीत हा शब्द येतो आणि तो ओळीच्या शेवटी आला की पुढची ओळ बहुतेक वेळा अडते. ‘पाणी’ला गाणी, राणी, वाणी, कहाणी असे भरपूर सोबती आहेत, ‘पाऊस’ मात्र एकटा उभा असतो. अशा वेळी बहुतेक जण शब्दच बदलून टाकतात. माझे म्हणणे एवढेच की शब्द सोडण्याआधी तो आपण नीट चाचपून पाहत नाही.

संपूर्ण यमकासाठी ‘आऊस’ एवढे शेपूट जसेच्या तसे हवे आणि फक्त सुरुवातीचे व्यंजन बदलायला हवे. म्हणून मी वहीच्या समासात मुळाक्षरे ओळीने लिहितो आणि एकेक अक्षर या शेपटाला लावून पाहतो. काऊस नाही, खाऊस आहे, गाऊस आहे, घाऊस नाही, जाऊस आहे, न्हाऊस आहे. ‘म’पाशी संगणकाचा माऊस आणि ‘ह’पाशी गेस्ट हाऊसमधला हाऊस सापडतो. विनोदी कवितेला हे दोन्ही शब्द सोन्यासारखे आहेत. गंभीर कवितेत मात्र हसे होईल. धावूस आणि लावूस यांत ‘ऊ’च्या जागी ‘वू’ आहे, पण बोलताना हा फरक जवळजवळ ऐकू येत नाही, म्हणून तेही मी याच रांगेत बसवतो.

आता या यादीकडे जरा लक्षपूर्वक पाहा. खाऊस, गाऊस, जाऊस ही सगळी क्रियापदे ‘नको’च्या आधारानेच वाक्यात उभी राहतात. म्हणजे ‘पाऊस’ला संपूर्ण यमक द्यायचे ठरवले की कवितेत समोर कोणीतरी दुसरे माणूस येऊन बसते, आणि तेही ‘तू’ म्हणण्याइतके जवळचे. ‘दारात थांबला पाऊस, म्हणतो, इतक्यात नको जाऊस’ अशी ओळ आईला, मैत्रिणीला, फार तर विठ्ठलाला उद्देशून लिहिता येईल; पण ज्या घरात वडिलांना अहो-जाहो केले जाते, त्या घरातला मुलगा वडिलांवरच्या कवितेत हे यमक वापरू शकणार नाही, कारण तिथे ‘जाऊ नका’ म्हणावे लागते आणि यमक तिथेच मोडते. कविता कोणाशी बोलणार हे यमकाने ठरवावे, ही गोष्ट मला आजही थोडी चमत्कारिक वाटते.

शेपूट आखूड करून नुसते ‘ऊस’ घेतले तर कापूस, माणूस आणि खुद्द ऊस जवळ येतात, आणि शेतीची कविता असेल तर यांहून चांगली मंडळी मिळणे कठीण. याहून मोठी सोय मात्र विभक्तीत आहे. प्रत्यय लागताच ‘पाऊस’चे ‘पावसा-’ होते, कापसाचे आणि माणसाचेही तसेच. ‘ऊस’ मात्र ‘उसा-’ होऊन या घरातून बाहेर पडतो आणि त्याच्या जागी दिवस आणि नवस आत येतात. पावसाला, दिवसाला, नवसाला ही तर चक्क ‘व’पासूनची यमके आहेत. ‘देव पावला नवसाला, वाट मिळाली पावसाला’ हे जुळवायला मला दोन मिनिटेही लागली नाहीत. त्याआधी ‘पाऊस’वर मात्र एक अख्खी संध्याकाळ गेली होती.

एवढे करूनही जमले नाही तर जवळचे यमक घ्यावे, आणि ते घेताना अपराधी वाटण्याचे कारण नाही. 1290 साली सांगितल्या गेलेल्या ज्ञानेश्वरीची पहिलीच ओवी आद्या, प्रतिपाद्या आणि स्वसंवेद्या अशी यमके घेऊन येते. तिसऱ्या ठिकाणी ‘द्या’ कायम आहे, पण त्याआधीचा आकार जाऊन एकार आला आहे. तुकोबांच्या ‘वृक्षवल्ली’मध्ये वनचरे आणि सुस्वरें हे चोख यमक आहे आणि लगेच पुढे एकांताचा ‘वास’ गुण ‘दोष’ांशी जुळवलेला आहे. स्वर वेगळा, ‘स’ आणि ‘ष’ वेगळे, तरी कोणाही वारकऱ्याचा टाळ तिथे अडखळत नाही, कारण अभंग गाताना शेवटचे अक्षर पूर्ण उच्चारून लांबवले जाते आणि कानाला तो ठेकाच पुरतो. गझलेत हे चालणार नाही. तिथे अलामत, म्हणजे यमकातला न बदलणारा स्वर, सांभाळावाच लागतो. त्या कायद्याने पाऊस, माणूस, कापूस पास होतात आणि वास-दोष नापास. कोणत्या दरबारात उभे आहोत हे आधी ओळखावे, मग यमक शोधावे.

राहता राहिले ते बालगीत, जे आपण सर्वांनी अंगणात भिजत म्हटले आहे. ‘ये रे ये रे पावसा, तुला देतो पैसा’ यात रचणाऱ्याने, तो कोण होता कोणास ठाऊक, प्रथम पावसाला हाक मारून शब्दाचे संबोधन केले आणि ‘पैसा’ हे जवळचे यमक घेतले. दोन्ही शब्द ‘प’ने सुरू होतात, ‘सा’वर थांबतात आणि म्हणताना पाव-सा, पै-सा असे दोनच ठोके घेतात. ‘पैसा झाला खोटा, पाऊस आला मोठा’ या पुढच्या ओळीत तर त्याने पाऊस सरळ चरणाच्या सुरुवातीला नेऊन ठेवला आणि यमकाचे काम खोटा-मोठा यांच्यावर सोपवले, ज्यांत स्वर तोच आहे आणि ‘ट’ व ‘ठ’ एकाच वर्गातले आहेत. जाऊस, कापूस, माणूस यांपैकी एकाही शब्दाची त्याला गरज पडली नाही.