पोयाच्या वक्तीचं पेट्रोल

जूनचा पहिला आठवडा. यवतमाळ जिल्ह्यातलं एक बाजाराचं गाव. रात्री वादळ झालं आणि वावराच्या वाटेवर कडुनिंब आडवा झाला. सकाळी घरोघरच्या चेनसॉ बाहेर निघाल्या. त्यातल्या बऱ्याचशा आता इथे आहेत, मिस्त्रीच्या टपरीपुढे, रांगेत.

"चालूच नाही होऊन राह्यली, भाऊ. दोरी ओढू ओढू खांदा गेला."

"पेट्रोल कधीचं हाय?"

"पोयाच्या वक्ती भरलं होतं."

पोळ्याला नऊ महिने झाले. मिस्त्री टाकीचं झाकण काढून नाक लावतो. ताजं पेट्रोल नाकाला झोंबतं, शिळ्याला जुन्या व्हार्निशचा वास येतो. मग तो टाकी काचेच्या बाटलीत रिकामी करतो आणि बाटली उन्हात धरतो. वर ऑइलच्या रंगाचं पेट्रोल, आणि तळाला पाण्यासारखा वेगळाच थर.

पंपावर आज मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतली ओल शोषतं, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात ओलीला तोटा नाही. पाणी एका हद्दीबाहेर गेलं की ते इथेनॉलला सोबत घेऊन खाली बसतं. टू-टी ऑइल, म्हणजे या मशीनच्या पेट्रोलमध्ये मिसळायचं इंजिनचं तेल, मात्र वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. चेनसॉच्या टाकीतली नळी वजनदार फिल्टरसकट नेमकी तळाशी पडलेली असते. म्हणजे इंजिनला पहिला घोट मिळतो तो पाण्याचा, तोही बिनतेलाचा.

तिकडे पेट्रोल हवेत मिसळणाऱ्या कार्बोरेटरची भोकं सुईच्या टोकाएवढी. त्यातलं पेट्रोल उडून जातं आणि मागे डिंक राहतो. डायफ्राम, म्हणजे रबराचा पातळ पडदा, कडक होतो. गावात तोवर दोन नवे प्लग बदलून झालेले असतात. प्लग बिचारा फुकटचा बदनाम.

मिस्त्रीचा उपाय पाच मिनिटांचा आहे, म्हणूनच कोणी करत नाही. हंगाम सरला की टाकी रिकामी करायची. मग मशीन चालू करून तिची ती बंद पडेपर्यंत चालू द्यायची, म्हणजे कार्बोरेटरही कोरडा होतो. प्लग काढून भोकात टू-टीचे चार थेंब, दोरी दोनदा हळूच ओढायची, प्लग परत लावायचा. झालं.

मिश्रण लागेल तेवढंच करावं. पन्नासास एक सांगितलेल्या मशीनला लिटरमागे २० मिली ऑइल, पंचवीसास एकवाल्या जुन्या मशीनला ४०. इथे मात्र माप चालतं ते झाकणाचं. झाकण कोणत्या डब्याचं, हे ज्याचं त्याला ठाऊक. कमी पडलं तर पिस्टन धरतो, म्हणजे जाम होतो. जास्त झालं तर धूर होतो आणि सायलेन्सरची जाळी काजळीनं बुजते.

आणि ठेवता कुठे? फवारणीचा पंप, गवत कापायचा ब्रश कटर, चेनसॉ, सगळं युरिया-पोटॅशच्या पोत्यांशेजारी. खत ओल धरतं, लोखंड खातं. उंदीर पेट्रोलची नळी कुरतडतात. कुंभारमाशीला तर सायलेन्सरचं तोंड म्हणजे आयतं घर. गेल्या हंगामातला एक फवारणी पंप मिस्त्रीनं फक्त तारेनं माती टोकरून चालू केला होता. त्याचे पैसे किती मागावेत, हे त्यालाच कळेना.

कडुनिंबवाली चेनसॉ आता धुऊन झाली. ताजं पेट्रोल, चोक पूर्ण. तिसऱ्या ओढीला एकदा फट्‌ करते. चोक अर्ध्यावर. पाचव्या ओढीला धूर, आणि मग तो कर्कश आवाज, जो आज सकाळपासून सगळ्या गावाला हवा होता.

पुढचा माणूस ब्रश कटर खाली ठेवतो.

"परवा तं चालू होती, भाऊ."

परवा म्हणजे कधी, हे मिस्त्री विचारत नाही. झाकण काढतो आणि नाक लावतो.