केना, एस्टर आणि शेजारची मिरची

मंडळी, आजचा विषय केन्यासाठी कोणतं तणनाशक, म्हणजे २,४-डी या एकाच औषधाच्या एस्टर, अमाइन आणि सोडियम या तीन रूपांतलं कोणतं घ्यावं, हा आहे. पण आधी मला मिरचीचं सांगू द्या.

गोव्यातल्या पेडण्यात आमचा वायंगणाचा, म्हणजे उन्हाळी भाताचा, तुकडा आहे. मेरेपलीकडे, म्हणजे बांधापलीकडे, शेजारच्या काकींची हरमल मिरची. त्यांचं वर्षाचं पुरुमेंत, म्हणजे साठवणीची बेगमी, त्याच मिरचीवर. मेरेवर केना माजला, म्हणून ग्लायफोसेट हे तणनाशक मारलं. बाकीचं गवत जळालं, केना तेवढा राहिला आणि मोकळी झालेली जागाही त्यानंच घेतली. औषधं मारमारून तो असा झालेला नाही. हा सोशिकपणा त्याच्या अंगचाच. (कोवळ्या केन्याची भजी आपण आवडीनं खातो, पण फवारलेल्या मेरेवरचं पान कृपा करून तोडू नका.)

दुकानदारानं २,४-डीचं एस्टर दिलं. म्हणाला, "हे जोरात लागतं." फेब्रुवारीची दुपार, वारा पडलेला. नोझल खाली धरून जपून फवारलं. केना मेला. पण थोड्या दिवसांत काकींच्या मिरचीचे शेंडे मुरडले, नवी पानं अरुंद, दोरीसारखी आली. काकी भांडल्या नाहीत. "बाबा, हा कसला रोग रे?" एवढंच विचारलं. मला उत्तर देताना फार जड गेलं. रोग नव्हताच. फवारणी संपल्यावरही इथाइल एस्टर उन्हात वाफ होऊन उडत राहतं. वारा नसला म्हणून ती वाफ मेर ओळखत नाही.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तर मुख्य मुद्दा.

बाटलीवरच्या टक्क्यांवरून जोर ठरवू नका. एस्टर ३८ टक्के, अमाइन ५८, सोडियम ८०. हे त्या-त्या रूपाचं वजन. काम करतं ते त्यातलं २,४-डी आम्ल, आणि ते हिशेबानं अनुक्रमे सुमारे ३४, ४८ आणि ७३ टक्के. तुलना आम्लावर करा.

एस्टर पानावरच्या मेणातून लवकर शिरतं, तासाभरानं पाऊस आला तरी टिकतं. म्हणून पावसाळ्यात मोह होतो. अमाइन आणि सोडियम पाण्यात विरघळतात, सावकाश शिरतात, त्यांना चार-सहा तास कोरडे हवेत. पण ते वाफ होऊन जवळजवळ उडत नाहीत. आपले तुकडे एवढेसे, शेजारी मिरची नाहीतर भाजी. म्हणून मी अमाइन म्हणतो: केना दोन-चार पानांवर असताना, सकाळी, नोझलला टोपी लावून. फवाऱ्याचे थेंब तर त्याचेही वाऱ्यानं उडतात. खाजनाकाठच्या (खाडीलगतच्या खाऱ्या जमिनीकाठच्या) विहिरीचं जड पाणी घेऊ नका, त्यात औषधाचा साका होतो.

आणि केन्याला जमिनीखालीही फुलं येतात, न उमलताच बी धरतं. तेव्हा एका फवारणीनं तो संपत नाही. उपटलेला केना मेरेवर टाकू नका. कांड्याचा तुकडाही ओलीत मुळं धरतो. कातळावर वाळू द्या.