ध्वनिमुद्रिकेचा पुरस्कार नेमका कुणाचा?

मंडळी, सर जॉर्ज शोल्टी या कंडक्टरला 31 ग्रॅमी मिळाली. कित्येक वर्षं कुणी त्या आकड्याच्या जवळपास फिरकलं नव्हतं. 2023 मध्ये बियॉन्सेनं तो ओलांडला. 31 ग्रॅमी म्हटलं की बॅटन घेतलेला एकटा माणूस डोळ्यांपुढे येतो. मला आज त्याच्या आजूबाजूची माणसं दाखवायची आहेत. अभिजात संगीताच्या ध्वनिमुद्रणाला पुरस्कार देणं आणि एखाद्या थोर कलाकाराचा सत्कार करणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं मी मानतो. सत्कार आयुष्यभराच्या साधनेचा होतो. इथे मात्र समोर एक रेकॉर्ड असते, आणि ती ऐकूनच निकाल द्यायचा असतो.

शोल्टींचंच उदाहरण घेऊ. जर्मन संगीतकार वाग्नरची ‘रिंग’ ही चार ऑपेरांची, म्हणजे संगीतनाटकांची, मालिका डेका कंपनीनं 1958 ते 1965 या काळात व्हिएन्नामध्ये मुद्रित केली. स्टुडिओत पूर्ण झालेली ती पहिली ‘रिंग’. निर्माते होते जॉन कुलशॉ. पहिल्या ऑपेरात देव पाताळात उतरतात तेव्हा तिथल्या लोहारकामाचा गजर ऐकू येतो, आणि त्यासाठी वाग्नरनं स्वरलिपीत लहान, मध्यम, मोठ्या अशा 18 ऐरणी लिहून ठेवल्या आहेत. नाट्यगृहात एवढ्या ऐरणी सहसा कुणी मांडत नाही, थोडक्यात भागवतात. कुलशॉंनी खरोखर 18 ऐरणी जमवल्या आणि वाजवून घेतल्या. ती रेकॉर्ड चांगल्या स्पीकरवर लावा. वाद्यवृंद हळूहळू मागे सरतो आणि घणांचे ठोके पुढे येत येत सगळी जागा व्यापून टाकतात. यात कंडक्टर आहे, वादक आहेत, तसाच निर्माताही आहे आणि मायक्रोफोन कुठे टांगायचा हे ठरवणारा इंजिनिअरही आहे. 1950 च्या दशकात डेकाच्याच इंजिनिअरांनी कंडक्टरच्या डोक्यावर तीन मायक्रोफोन लावायची एक मांडणी बसवली. ‘डेका ट्री’ म्हणून ती आजही वापरात आहे. त्यांच्यातल्या केनेथ विल्किन्सन यांना पुढे ध्वनिमुद्रणासाठीच ग्रॅमी मिळाली. ग्रॅमीचं एक मला फार आवडतं: 1959 च्या पहिल्या सोहळ्यापासून अभिजात विभागात इंजिनिअरसाठी वेगळा पुरस्कार आहे.

आता निवाडा कोण करतं? ग्रॅमीत रेकॉर्डिंग अकादमीचे सभासद मतदान करतात, म्हणजे व्यवसायातलीच माणसं. फ्रान्सची शार्ल क्रो अकादमी 1948 पासून, तर ब्रिटनचं ‘ग्रामोफोन’ मासिक 1977 पासून पुरस्कार देतं, आणि तिथे कौल समीक्षकांचा असतो. मतदानात नावाला वजन येतं, हे उघड आहे. समीक्षकांकडे मी जास्त आशेनं पाहतो, कारण अनोळखी गोष्ट उचलून धरण्याचं धाडस त्यांनी केलेलं आहे.

‘ग्रामोफोन’नं पहिल्याच वर्षी सर्वोत्तम रेकॉर्ड म्हणून काय निवडलं? बीथोवन किंवा मोझार्ट निवडता आला असता. त्यांनी निवडला यानाचेक या चेक संगीतकाराचा ‘कात्या काबानोवा’, चार्ल्स मॅकेरस यांनी केलेला, चेक भाषेतला ऑपेरा. 1987 मध्ये तोच मान टॅलिस स्कॉलर्स या गायकवृंदाला मिळाला, जोस्कँ या संगीतकाराच्या दोन मासेससाठी, म्हणजे ख्रिस्ती उपासनेतल्या गायनरचनांसाठी. पाचशे वर्षांपूर्वीचं, वाद्यांविना गायलेलं संगीत, आणि तेही या मंडळींच्या स्वतःच्या छोट्या कंपनीनं काढलेलं. हायपेरियनचं तर विचारूच नका. टेड पेरी यांनी टॅक्सी चालवून ती कंपनी उभी केली, आणि बाराव्या शतकातल्या हिल्डेगार्ड या संन्यासिनीच्या रचनांची त्यांची रेकॉर्ड पुरस्कार मिळवून घरोघर पोहोचली. जाहिरातीला पैसा नसलेल्या माणसाला पुरस्कार कुठे नेऊ शकतो, ते इथे दिसतं.

पण कान फसतात. जॉइस हॅटो या इंग्रज पियानिस्टच्या नावावर तिच्या उतारवयात शंभराहून अधिक सीडी निघाल्या. आजारी बाई, मैफली कधीच सोडलेल्या, आणि घरात बसून अवघं पियानो-वाङ्मय मुद्रित करते आहे! समीक्षकांनी तोंडभरून कौतुक केलं. 2006 मध्ये ती गेली. 2007 मध्ये एका श्रोत्यानं तिची लिस्ट या संगीतकाराच्या एट्यूड्सची, म्हणजे पियानोच्या अभ्यासरचनांची, सीडी संगणकात घातली, तर पडद्यावर नाव उमटलं लास्लो सिमोन यांचं. मग तपासणी झाली. दुसऱ्यांची मुद्रणं, काही ठिकाणी लय थोडी बदलून, तिच्या नावानं खपवली होती, आणि तिच्या पतीनं नंतर ते कबूलही केलं. मला यात सगळ्यात जास्त टोचतं ते हे की सिमोन यांचं वादन आधीपासून बाजारात होतं, तेव्हा त्याला एवढी दाद मिळाली नव्हती. वादन तेच होतं. दाद मिळाली ती हॅटोच्या कहाणीला.

आता आपल्या संगीताकडे येतो. पंडित रविशंकर आणि व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन यांच्या ‘वेस्ट मीट्स ईस्ट’ला 1968 मध्ये ग्रॅमी मिळालं ते चेंबर म्युझिकच्या (मोजक्या वादकांच्या संगीताच्या) विभागात, म्हणजे अभिजात म्हणूनच. 1994 मध्ये विश्वमोहन भट्ट आणि अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांना मिळालं ते ‘वर्ल्ड म्युझिक’मध्ये. तो विभाग दरम्यान नव्यानंच सुरू झाला होता. तेव्हापासून रागसंगीत त्या मोठ्या पोत्यात जाऊन पडलं, ते तिथेच आहे. मला हे मान्य नाही. रागसंगीताच्या मुद्रणाचे स्वतःचे प्रश्न आहेत आणि ते कळणारे कान परीक्षक मंडळात हवेत. तानपुरा नुसता मागे भुणभुणतो आहे, की गायकाच्या षड्जाला त्याचा गंधार स्पर्श करतो आहे? तबल्याचा बायां मायक्रोफोनच्या इतका जवळ आहे का, की विलंबितातला ठेका गायकावर चढून बसतो? सारंगीची साथ डावीकडे कुठेतरी हरवली आहे का? आलाप वेळेत बसवण्यासाठी कापला असेल तर तो कुठे कापला? असं ऐकून कुणी पुरस्कार दिला, तर मानपत्रावर गायकाच्या नावाखाली तानपुऱ्यावर बसलेल्यांचं आणि इंजिनिअरचंही नाव छापावं, एवढी माझी मागणी आहे.