छतावरचा बार सगळ्यात शेवटी

[दृश्य: रात्र. उमरेड रोडवरून आत वळलेली पांदण. पुढे जिप्सी, मागे थार.]

पुढच्या जिप्सीने उडवलेला फुफाटा अजून खाली बसलेला नाही. मागच्या थारवाल्याने छतावरचा एलईडी बार, म्हणजे दिव्यांची लांब पट्टी, लावला आणि समोरचं सगळंच पुसलं गेलं. चाकोरी दिसेना, धुऱ्यावरच्या बाभळी दिसेनात. लख्ख दिसत होतं ते फक्त स्वतःच्या गाडीचं बोनेट. त्याने बार बंद केला, डिपरवर आला, तेव्हा कुठे रस्ता परत दिसायला लागला.

बार चांगलाच होता, जागा चुकली. हवेतला धुळीचा कण उजेड चहूकडे फेकतो. दिवा डोळ्याच्या जितका जवळ, तितका तो उजेड परत फिरून डोळ्यातच येतो. छतावरचा बार चालकाच्या डोळ्यापासून दोन-तीन फुटांवर, बंपरवरचा दिवा त्यापेक्षा कितीतरी लांब आणि खाली. आणखी एक गोष्ट आहे. खड्डा आपल्याला दिसतो तो त्याच्या सावलीवरून. उजेड खालून, आडवा आला की छोट्या खड्ड्याचीही लांब सावली पडते. वरून आला की सावली आखडते आणि कन्हानच्या काठचा ओबडधोबड रस्ताही सपाट भासतो.

तरी नागपुरात गाडी उंच केली, जाड टायर टाकले, की पहिला खर्च या बारवरच होतो. दुकानात दिसतो भारी, फोटोत त्याहून भारी.

[दृश्य: गॅरेज. बोनेट उघडं. इलेक्ट्रिशियनच्या हातात मल्टिमीटर.]

“भाऊ, छतावर बार लावून द्या बरं.”

“काहून? आभाळ पाह्याचं हाय का?”

असं म्हणत त्याने आधी मीटरच्या तारा बॅटरीला लावल्या. इंजिन चालू, १३.८ व्होल्ट. मग हेडलाइटच्या मागचा रबरी बूट काढला, बल्ब पेटता ठेवून होल्डरवर तारा टेकवल्या. १२.४.

मधले १.४ व्होल्ट गेले कुठे? बारीक वायर, झिजलेला स्विच, गंजलेली अर्थिंग. जुन्या जिप्सीत नि जीपमध्ये हेडलाइटचा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून फिरून येतो. साठ-साठ वॅटचे दोन बल्ब म्हणजे साधारण दहा अँपिअर. एवढा भार त्या बारक्या स्विचने वर्षानुवर्षं वाहिला की असंच होणार. बरं, या हॅलोजन बल्बचा हिशोब सरळ चालत नाही. व्होल्टेज दहा टक्के उतरलं की उजेड दहा टक्के नाही, तीस टक्के उतरतो. म्हणजे गाडीमालक ज्याला “कंपनीचा लाइट कमजोर आहे” म्हणतो, तो पुष्कळदा कमजोर नसतोच, उपाशी असतो.

उपाय फार महागाचा नाही. बॅटरीवरून थेट अडीच एमएमची वायर, बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज, आणि एक रिले (बारक्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) अप्परला, एक डिपरला. रिलेवर चार आकडे कोरलेले असतात. ३० वर बॅटरीचा करंट, ८७ वरून दिव्याला, ८५ आणि ८६ मध्ये कॉइल. जुना स्विच आता फक्त कॉइल ओढतो, भार वाहत नाही. अर्थिंगसाठी चेसिसचा रंग खरवडून पत्रा उघडा करायचा, रंगावर नट आवळून भागत नाही. बऱ्याच गाड्यांचं काम इथेच होतं. दुकानदार हे आपणहून सांगेल अशी अपेक्षा ठेवू नका.

काही जण हे सगळं टाळून ६०/५५ च्या जागी १००/९० वॅटचा बल्ब बसवतात. होल्डर वितळतो, रिफ्लेक्टरचा मुलामा करपतो. त्या वाटेला जाऊच नये.

[दृश्य: एच-४ बल्ब बोटांत धरलेला, खूप जवळून.]

हा साधा एच-४ बल्ब नीट पाहा. आत दोन तंतू आहेत. डिपरच्या तंतूखाली पत्र्याची एक इवलीशी वाटी आहे. ती खाली जाणारा उजेड अडवते, म्हणून रिफ्लेक्टरचा खालचा भाग अंधारात राहतो आणि वर जाणारा झोत तयारच होत नाही. समोरच्याच्या डोळ्यांचं रक्षण ही वाटी करते. आता याच हेडलाइटमध्ये एलईडी बल्ब खुपसला, की चिपची जागा मिलिमीटरभर इकडेतिकडे झाली तरी सगळा हिशोब फिसकटतो. चालकाला वाटतं, काय उजेड पडला! तो पडलेला असतो बोनेटच्या पुढच्या पाच मीटरवर आणि समोरून येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या तोंडावर. जवळचा रस्ता झगझगीत झाला की डोळ्याची बाहुली आकसते, मग लांबचं आणखीच कमी दिसतं. शिवाय या बल्बच्या शेपटीला पंखा असतो. मे अखेरच्या नवतप्यात नागपूरचा पारा ४५ च्या वर, बोनेटखाली त्याहून किती तरी जास्त, त्यात पंख्यात धूळ. चिप तापली की स्वतःला वाचवायला उजेड कमी करते.

एलईडी हवाच असेल तर बल्ब न बदलता अख्खा दिवा बदलावा. सात इंची गोल दिव्याचं माप अमेरिकेत १९४० मध्ये ठरलं, आणि जीपपासून जिप्सीपर्यंत ते चालत आलं, म्हणून या मापाचे पूर्ण दिवे सहज मिळतात. घेताना दोन गोष्टी पाहायच्या. काचेवर गोलात ई आणि आकडा हा मान्यतेचा शिक्का आहे का, आणि दिवा डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीचा आहे का. आपल्याकडे डिपरचा झोत डाव्या बाजूला थोडा वर चढायला हवा, म्हणजे कडेचा पादचारी, बैलगाडी दिसते. ऑनलाइन स्वस्तात आलेले पुष्कळ दिवे अमेरिकन रस्त्यांसाठीचे असतात, त्यांचा झोत उजवीकडे चढतो. समोरचा मग अप्पर-डिप्पर मारत राहतो, आणि आपण म्हणतो, मी तर डिपरवरच आहे.

[दृश्य: कळमन्याकडच्या एका गोदामाची कोरी भिंत. त्यावर चिकटपट्टीच्या खुणा.]

दिवे बसले की सेटिंग. भिंतीपासून दहा मीटरवर, सपाट जमिनीवर गाडी उभी करायची. दिव्याच्या मध्याच्या उंचीवर भिंतीला पट्टी लावायची. डिपरची वरची रेघ त्या पट्टीच्या साधारण दहा सेंटिमीटर खाली यायला हवी. टायरमध्ये हवा नेहमीची, आणि मागे कॅन, टूलबॉक्स, तंबू, जे सामान न्यायचं ते भरलेलं. मागून गाडी बसली की नाक वर होतं आणि सगळी मेहनत झाडांच्या शेंड्यांवर जाते.

एवढं झाल्यावर जादा दिव्यांचा विचार करू.

आधी वेग विचारात घ्यायचा. पांदणीवर ताशी वीसच्या वेगाने गाडी बारा-पंधरा मीटरमध्ये थांबते. तिथे आठशे मीटरचा स्पॉट, म्हणजे अरुंद, लांब झोताचा दिवा, काय कामाचा? तिथे हवा बंपरच्या उंचीवरचा रुंद, आडवा पसरणारा उजेड, म्हणजे वळणावरचा दगड आणि नाल्याची कड दिसेल. साठच्या वेगाला मोकळ्या मातीत साठ मीटरच्या आसपास लागतात, डिपर तिथे जेमतेम पुरतो, आणि मग स्पॉट कामी येतो. म्हणून माझी पसंती: आधी खाली दोन पिवळे फॉग, मग गरज पडली तर दोन स्पॉट.

पिवळा धुक्याला भेदतो असं सांगतात, ते काही खरं नाही. धुक्याचा थेंब प्रकाशलहरीपेक्षा इतका मोठा की सगळे रंग सारखेच विखुरतात. पण ३००० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगछटेचं माप) पिवळा उजेड डोळ्याला कमी बोचतो. साडेसहा हजार केल्विनचा निळसर पांढरा फुफाट्यात आणि डिसेंबरच्या पहाटेच्या धुक्यात नको होतो.

खोक्यावरच्या आकड्यांचं काय करायचं? वायरभोवती अडकवून करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लावायचा. १८० वॅट छापलेल्या बारने साडेतेरा व्होल्टला तेरा अँपिअरच्या वर खायला हवेत. मीटरवर चार दिसले तर तो ५४ वॅटचा बार आहे, छापू दे काहीही. “एक किलोमीटर झोत” असं लिहिलेलं असतं, ते अंतर सहसा १ लक्सला (लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडलेल्या उजेडाचं माप) मोजलेलं असतं. पौर्णिमेच्या चंद्राचा उजेड पाव लक्सच्या आसपास असतो, त्यावरून काय ते समजा. अंतर निम्मं केलं की उजेड चौपट, म्हणजे पाचशे मीटरवर ४ लक्स. आयपी-६७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास. पण तापलेला दिवा नाल्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सील कच्चं असेल तर पाणी ओढून घेते. हवा खेळती ठेवणारा, पाणी अडवणारा बारका व्हेंट मागे आहे का, ते पाहून घ्यावं.

[दृश्य: मनसरच्या पुढचा राष्ट्रीय महामार्ग ४४. नंतर देवलापारकडचा आतला रस्ता.]

मनसर ते खवासा या पट्ट्यात नऊ ठिकाणी प्राण्यांसाठी महामार्गाखालून वाट सोडली आहे. आतल्या गावरस्त्यांना अशी सोय नाही. तिथे चितळ रस्त्यावरच येतं, आणि डोळ्यांवर झोत पडला की जागच्या जागी थिजतं. अशा वेळी जादा दिवे बंद, डिपर, आणि वेग कमी. आणि पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या कडेने दिवे टाकत जनावरं शोधत फिरणं हा तर गुन्ह्याकडे जाणारा शौक आहे, त्याच्यासाठी हा व्हिडिओ नाही.

कायदाही इथेच येतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १०६ प्रमाणे पुढचा झोत इतका खाली वळवलेला हवा, की ८ मीटरवर, दीड मीटर उंचीवरच्या डोळ्यांना तो दिपवणार नाही. छतावरचा बार या कसोटीत बसणं अवघड. डांबरी रस्त्यावर त्याला झाकण हवंच, आणि पोलिसाने हात दाखवला तर वाद घालायला जागा नाही.

म्हणून जादा दिव्यांच्या रिलेचा ८६ अप्परच्या वायरवर घ्यायचा, मध्ये डॅशबोर्डवर वेगळा स्विच. अप्पर लावला तरच ते पेटतात, आणि समोरून कुणी आलं की एका बोटाने डिपर मारला की सगळे एकदम विझतात. फॉगचा स्विच मात्र वेगळा. पहिल्या खडबडीत फेरीनंतर ब्रॅकेटचे नट परत आवळायचे, आवळल्यावर नट आणि पत्रा दोन्हीवर रंगाची एक रेघ ओढायची. रेघ तुटलेली दिसली, की नट फिरला आणि सेटिंग गेलं. मग परत भिंतीसमोर गाडी उभी करायची.