रांगेतल्या माणसाची बाजू

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या गोरेगावच्या चाळीत पहाटे साडेतीनला जाग यायची ती कळशांच्या आवाजाने. साठच्या दशकातली गोष्ट. चाळीला नळ एकच. रात्री झोपण्यापूर्वीच प्रत्येक घराची एक कळशी रांगेत नेऊन ठेवायची, म्हणजे नंबर लागला. आमच्या कळशीच्या गळ्याला आईने लाल चिंधी बांधली होती, कारण मध्यरात्री कळशा पुढेमागे सरकत आणि सरकवणारी कोण ते सगळ्यांना ठाऊक असे. नळ आधी नुसता फुरफुरायचा, मग गंजाचं तांबडं पाणी यायचं. पहिली बादली मोरीला. आई नळाच्या तोंडाला पंच्याचा तुकडा बांधायची, आणि आठ दिवसांत तो असा रंगायचा की कातासारखा दिसे.

आता याचं कारण सांगते. मुंबईची हद्द 1957 मध्ये वाढली आणि गोरेगाव महापालिकेत आलं. कागदावर आम्ही मुंबईकर झालो. पण विहार, तुळशी, तानसा, मोडकसागर या तलावांतून येणारं पाणी मुळात शहरासाठी. उपनगरं वाढली त्या वेगाने त्यांच्या पोटात जलवाहिन्या गेल्या नाहीत. टेकडीवर राहणाऱ्याला आणि झोपडपट्टीतल्याला तर पाणी मागायचाच अधिकार नाही, अशी त्या वेळची समजूत. घर अधिकृत नाही, मग तहान तरी अधिकृत कशी?

अशा गोरेगावात समाजवादी नेत्या मृणाल गोरे राहत होत्या. वैद्यकीय शिक्षण सोडून राष्ट्र सेवा दलाच्या कामात आलेल्या, 1958 मध्ये पती केशव गोरे गेल्यावर लहान मुलीला घेऊन उभ्या राहिलेल्या. 1961 मध्ये त्या महापालिकेत निवडून आल्या, 1972 मध्ये विधानसभेत, 1977 मध्ये लोकसभेत. पाण्यासाठी लढल्या म्हणून लोकांनी त्यांना पदवी दिली ती पाणीवाली बाई. 1977 च्या निकालानंतर मुंबईत एक घोषणा फिरत होती, ‘पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में.’ दिल्लीवाली बाई म्हणजे निवडणूक हरलेल्या इंदिरा गांधी. ती घोषणा अजूनही लोकांना पाठ आहे. आमची आई राजकारणात फारशी नव्हती, पण ही ओळ म्हणताना तिच्या तोंडावर जे हसू यायचं ते मी विसरलेली नाही.

मोर्चे सगळ्यांना आठवतात. रिकामे हंडे घेऊन निघालेल्या बायका, 1972 नंतर महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीच्या झेंड्याखाली थाळ्या आणि लाटणी वाजवणाऱ्या बायका. अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी आणि मृणालताई, कुणी कम्युनिस्ट, कुणी समाजवादी गोटातल्या, पण रॉकेल आणि साखर या विषयावर एक. हे चित्र फोटोत छान दिसतं. मला मात्र मोर्चानंतरचं काम जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि त्याचा फोटो निघत नाही.

मोर्चा संपला की बायका घरी जातात, स्वयंपाक करायचा असतो. निवेदन मात्र कचेरीत राहतं. त्यावर आवक क्रमांक पडतो आणि ते एका फायलीच्या पोटात झोपतं. तिथे जाऊन त्याला जागं करायला कुणीतरी लागतं. अमुक गल्लीतली जलवाहिनी किती इंची, दाब का पडतो, अंदाजपत्रकात ते काम धरलं का, हे विचारणारा माणूस लागतो, आणि तोच प्रश्न पुढच्या महिन्यात पुन्हा विचारणारा. विधानसभेत याची हत्यारं आहेत. तारांकित प्रश्न टाकला आणि तो पुकारला गेला, की मंत्र्याला सभागृहात उभं राहून उत्तर द्यावं लागतं, उपप्रश्नही झेलावे लागतात. तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष ओढणारी लक्षवेधी सूचना आहे. आणि आश्वासन समिती नावाची एक समिती आहे, जिचं नाव वर्तमानपत्रात क्वचित येतं. मंत्री सभागृहात ‘करतो’ म्हणाले, त्याचं पुढे काय झालं, हे ती तपासते. मला विचाराल तर आपल्या आमदाराने भाषण किती केलं यापेक्षा त्यांनी मंत्र्यांकडून मिळवलेली किती आश्वासनं त्या समितीपर्यंत जाऊन पोहोचली, हे विचारावं.

पाण्याच्या हक्काची लढाई आमच्या पिढीतही संपली नाही. ठरावीक तारखेनंतरच्या झोपड्यांना पालिकेचं पाणी नाही, हा नियम कित्येक वर्षं चालला. डिसेंबर 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं, की पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, झोपडी बेकायदा असली तरी तिथल्या माणसाला पाणी नाकारता येणार नाही. मृणालताई त्याआधी दोन वर्षं, जुलै 2012 मध्ये गेल्या होत्या.

रांगेचं म्हणाल तर पुढे मी दुसऱ्या एका रांगेतही उभी राहिले. एका नागरी सहकारी बँकेत निवृत्तीचे पैसे होते आणि एका सकाळी शटरवर कागद चिकटवलेला. व्यवहारांवर निर्बंध. माझ्या पुढे एक भाजीवाले काका, पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं. त्यांना कागद वाचता येत नव्हता, मी वाचून दाखवला, दोनदा. दुसऱ्या वेळी ते म्हणाले, “म्हणजे माझे पैसे आहेत की नाहीत?” मला उत्तर देता आलं नाही.

घरी येऊन शोधलं तेव्हा कळलं, की ठेवींचा विमा हीदेखील कुणीतरी कधीतरी भोगलेल्या रांगेतून आलेली गोष्ट. 1960 मध्ये केरळातली पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, आणि 1 जानेवारी 1962 पासून ठेवीदाराला विमा मिळाला, तेव्हा मर्यादा दीड हजार रुपये. 1993 मध्ये ती एक लाख झाली आणि मग 2020 पर्यंत, म्हणजे सत्तावीस वर्षं, तिथेच राहिली. या काळात सोनं, भाडं, दूध सगळं कुठल्या कुठे गेलं. 2020 मध्ये पाच लाख झाले, आणि 2021 च्या दुरुस्तीने निर्बंध आलेल्या बँकेतल्या ठेवीदाराला विम्याची रक्कम 90 दिवसांत मिळायची तरतूद झाली. विमा संसदेच्या कायद्याने चालतो, तेव्हा सत्तावीस वर्षं हा आकडा हलवायला लावण्याची पहिली जबाबदारी खासदारांची होती. शटरवरचा तो कागद ठेवीदारांना कळेल असा लिहायला लावणं हे मात्र आमदारालाही जमलं असतं.

मृणालताई घरांकडेही वळल्या होत्या. नागरी निवारा परिषदेच्या मार्फत दिंडोशीला सहा हजारांहून जास्त घरं उभी राहिली. शहरातली मर्यादेपेक्षा जास्तीची जमीन सरकारकडे घेणाऱ्या कमाल जमीन धारणा कायद्याखालच्या जमिनीसाठी सरकारच्या मागे लागून लागून. आमची आई शेवटची काही वर्षं तिथे माझ्या मावशीकडे होती. घरात नळ होता, पाणीही वेळेवर यायचं. तरी ती रात्री झोपण्यापूर्वी मोरीत एक कळशी भरून ठेवायची आणि तिच्या गळ्याला चिंधी बांधायची. मावशी चिडायची. आई म्हणायची, असू दे गं, नंबर लागलेला बरा.

नमस्कार.