हरायचे 22 प्रकार

टीव्हीवर रात्री नऊला जो आरडाओरडा चालतो त्याला आपण सरसकट डिबेट म्हणतो. न्यायसूत्रं, म्हणजे तर्कशास्त्राचा जुना संस्कृत ग्रंथ, लिहिणाऱ्या गौतमाने (बुद्ध नव्हे) आधी विचारलं असतं, यातला प्रकार कुठला? कारण त्याच्याकडे तीन होते, आणि हे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं आहे बरं का.

पहिला वाद. दोघांनाही खरं काय ते शोधायचंय, पुरावा द्यायचा, तर्क लढवायचा, समोरच्याचं पटलं तर पटलं म्हणायचं. दुसरा जल्प, इथे जिंकायचंच आहे, मग थोडी चलाखी केली तरी चालते. तिसरा वितंडा, म्हणजे स्वतःचं काहीच मांडायचं नाही, नुसतं दुसऱ्याचं मोडत बसायचं. आपण वितंडवाद म्हणतो ना, तो इथलाच.

आता वाटेल की शेवटच्या दोघांवर गौतमाने फुली मारली असणार. नाही मारली! तो म्हणतो, कोवळा अंकुर वाचवायला काटेरी फांद्यांचं कुंपण घालतात, तसे हे दोन वापरा. भलताच प्रॅक्टिकल माणूस.

चलाखीचा एक प्रकार म्हणजे छल. भाष्यकार वात्स्यायन, कामसूत्रवाला नव्हे, हा वेगळा, त्याने उदाहरण भारी दिलंय. कुणीतरी म्हणतं, या मुलाकडे नव कंबल आहे, म्हणजे नवी घोंगडी. लगेच समोरचा म्हणतो, नऊ कुठायत, एकच तर दिसतेय! हा वाक्छल. किंवा तुम्ही म्हणालात, मचाणं ओरडतायत, म्हणजे मचाणावरची माणसं ओरडतायत हे शेंबड्या पोरालाही कळतं, पण हा विचारणार, लाकूड कसं ओरडेल? हा उपचारछल. तुमच्या फॅमिली ग्रुपवर असा एक काका असतोच.

पण खरी मजा निग्रहस्थानांत आहे. निग्रहस्थान म्हणजे जिथे तुम्ही हरलात असं धरायचं ती जागा. अशा 22 दिल्यात. विषय सोडून भलतंच बोललात, हरलात. तेच तेच पुन्हा बोललात, हरलात. तीनदा सांगूनही सभेला आणि समोरच्याला काहीच कळलं नाही, तरी हरलात. मला जरा काम आहे म्हणून मधूनच उठून गेलात तर त्यालाही नाव आहे, विक्षेप.

आणि माझं सगळ्यात आवडतं, मतानुज्ञा. आरोप झाला की तो खोडायचा नाही, उलट म्हणायचं, मग तुमच्याकडे काय वेगळं आहे? गौतमाचं म्हणणं असं की हे बोललात म्हणजे स्वतःतला दोष तुम्ही मान्य केलात, झालं, हरलात. हा एक नियम लावला तर आपले निम्मे प्रवक्ते पहिल्या पाच मिनिटांत घरी जातील.

हे शब्द एकेक करून बघायचे असतील तर भीमाचार्य झळकीकरांचा न्यायकोश आहे, पुण्याच्या भांडारकर संस्थेने छापलेला. संस्कृतात आहे, त्यामुळे शेजारी कुणीतरी जाणकार बसवा.