पोग्यात दडलेला थ्रिप्स

(दृश्य: जळगाव जिल्ह्यातलं एक परस. कांद्याचा वाफा, कॅमेरा पातीजवळ.)

पातीवर चंदेरी-पांढरे चट्टे आलेत, शेंडे वाकडे झालेत. घरच्यांना वाटतं, पाणी कमी पडलं. पण हे काम थ्रिप्सचं, म्हणजे फुलकिड्यांचं. ते पात खरवडतात, रस शोषतात, आणि त्याच जखमांतून पुढे करपा, म्हणजे बुरशीचा रोग, शिरतो.

किडा जेमतेम मिलिमीटरभर. वरवर बघून सापडत नाही. मधला पोगा, म्हणजे नवी पात फुटते तो गाभा, दोन बोटांनी हळूच फाकवा. बुडाशी, पाती जिथे चिकटलेल्या असतात तिथे, फिकट पिवळी पिल्लं सरपटताना दिसतील. नाहीतर खाली काळी पाटी धरून रोप झटका.

खानदेशात हा किडा कपाशीवरही असतो. कपाशी उपटली की तो हिरवं शोधत परसात येतो, आणि फेब्रुवारीत ऊन तापलं की भराभर वाढतो. अंडी पातीच्या आत, कोष मातीत. म्हणून एका फवारणीत भागत नाही, आठवड्याने दुसरी लागतेच.

पात वांग्याच्या भरतात जाणार, तेव्हा जहाल औषध नकोच. 5 लिटरसाठी 250 ग्रॅम वाळलेली निंबोळी कुटा. पार पीठ करू नका, गाळताना फडकं तुंबतं. पुरचुंडी बांधून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, दुसऱ्या दिवशी पिळून गाळा, पाणी घालून 5 लिटर करा.

(दृश्य: पातीवरून ओघळणारा थेंब.)

बघा, थेंब टिकतच नाही. कांद्याची पात अळूसारखी मेणचट. अर्कात 5 ग्रॅम साबण विरघळवा, ऊन उतरल्यावर फवारा, आणि नोझलचं तोंड पोग्यात असू द्या. अर्काने पात कडू होते. भरताला लागेल तेवढी आधी खुडून घ्या.

नुसत्या पाण्याचा जोरदार फवाराही बरेच किडे धुऊन काढतो. तो सकाळीच मारा. पात रात्रभर ओली राहिली तर करप्याचं फावतं.

लसणाची पात उलगडत नसेल, गुंडाळून पिवळी पडत असेल, तर तो कोळी, जाळं विणणारा नव्हे, पातीतली अगदी बारीक कीड. त्याला पाण्यात मिसळणारं गंधक, लिटरला 2 ग्रॅम. भर उन्हात मारलंत तर पात भाजेल. असा लसूण बियाण्याला ठेवू नका, कोळी पाकळीतून पुढच्या वर्षी वाफ्यात येतो.

पुढच्या हंगामात कांदा लावायच्या महिनाभर आधी वाफ्याभोवती मक्याच्या दोन दाट ओळी टोका. थ्रिप्स उडण्यात कच्चा, वाऱ्यावर येतो आणि मक्याला अडतो.